रत्नाताईच्या पोटातला फुगा

९ जुलै १९९९, शुक्रवार. आळेफाटा

दुपारी बाराला रत्नाताई लॅबच्या दारात उभी. डोक्यावर पिशवी, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. पिशवीत चार किलो नाचणी.

"आबांनी दिली. म्हनले, सुनीलला न्यून दे."

मला रागच आला. वाडीवर भाताची लावणी ऐन जोरात, आणि चार किलो नाचणीसाठी आबा तिला तीन एसट्या बदलून डिंभ्याच्या वरून इथे पाठवतात. आळेफाट्याला नाचणी मिळत नाही का? तिला हे बोलून दाखवलं. ती स्टुलावर बसली आणि दंड खाजवू लागली. ट्यूबलाइटखाली तिचे डोळे पाहिले. पिवळे जर्द.

"किती दिवस झाले?"

"आठ-धा. माजं नेहमीचंच हाये रे."

नेहमीचंच म्हणजे लहानपणापासूनचं. उजव्या बरगडीखाली दुखतं, ताप येतो, डोळे पिवळे होतात. आबा औषध देतात, आठवड्यात उतरतं. वर्ष-दोन वर्षं जातात, पुन्हा येतं. कावीळ म्हटलं की आमच्या भागातल्या वीसेक वाड्यांतले लोक आबांकडेच येतात. जानकू म्हणजे आबाच; जानकूचं मुळीचं औषध, असं म्हणतात. त्यांची स्वतःची मुलगी मात्र दर थोड्या वर्षांनी पिवळी.

रक्त घेतलं. बिलिरुबिन ७.२, एकच्या आत हवं; त्यातलं डायरेक्ट ५.६. अल्कलाईन फॉस्फेटेज नऊशेच्या वर, नेहमीच्या तिप्पट. पुन्हा लावून पाहिलं, तेवढंच आलं.

"थोडी वाढलीय," एवढंच सांगितलं. अडीचच्या गाडीने ती परत गेली. अंजना वाट बघत असेल म्हणाली. अंजना तिची मुलगी, दहा वर्षांची.

पावसाळ्यात पाणी बिघडतं, कावीळ येतेच. या आठवड्यात लॅबमध्ये आलेली ही सहावी पेशंट. पण त्या पाच जणांचे आकडे असे नव्हते.

१० जुलै

आज जुनी रजिस्टरं काढली. का काढली ते मला काल संध्याकाळीच माहीत होतं.

१४ ऑक्टोबर १९९७. रत्ना भागू, वय ३१. बिलिरुबिन २.९, डायरेक्ट २.१, अल्कलाईन फॉस्फेटेज सहाशे दहा. अक्षर माझं. आकड्यांभोवती लाल पेनाचा गोल, तोही माझाच. तेव्हाही ती अशीच पिशवी घेऊन आली होती. तांदूळ असावेत. मी तिला म्हणालो होतो, काही नाही, उसाचा रस पी, तेलकट खाऊ नको. त्या आठवड्यात रक्ताचे आकडे मोजणारा नवीन कलरीमीटर आला होता, सगळं लक्ष त्यात होतं. डॉक्टरांना दाखवतो असं मनात होतं. दाखवलं नाही.

गोल केला म्हणजे कळलं होतं.

रजिस्टर ट्रंकेत सगळ्यात खाली ठेवलं.

१२ जुलै

डॉ. वाव्हळांकडे गेलो. इथले जुने डॉक्टर. माझ्याकडचे निम्मे पेशंट त्यांच्या चिठ्ठीवर येतात. कागद पाहून त्यांनी चष्मा काढला.

"संडासचा रंग विचारलास?"

"नाही."

"अंग खाजवते?"

"हो."

"तू टेक्निशियन आहेस, डॉक्टर नाहीस, मान्य. पण भाऊ आहेस ना? ही साधी कावीळ नाही सुनील. लिव्हरमधून पित्त खाली उतरत नाहीये. कुठेतरी अडलंय. आधी सोनोग्राफी कर." मग म्हणाले, "यापूर्वी कधी तपासलं होतं का?"

मी नाही म्हणालो.

१४ जुलै. वाडी

ताईला न्यायला आलोय. तिचं सासर शेजारच्याच वाडीत, पण दुखायला लागल्यापासून ती आबांकडेच आहे.

पडवीत सहा माणसं औषधासाठी बसली होती. आबा पाट्यावर मुळी उगाळत होते. मी आलो तरी मान वर केली नाही. सगळ्यांसमोरच बोललो. बोलायला नको होतं. या मुळीने काही होत नाही, साधी कावीळ आपोआप उतरते आणि नाव तुमचं होतं. ताईचं पित्त अडलंय, तुम्ही तिला पाला-मुळी पाजत बसलात. शेवटी म्हणालो, "तिची दोन वर्षं वाया घालवलीत तुम्ही."

दोन वर्षं. हा आकडा माझ्या तोंडून का गेला असेल? आबांना दोन वर्षांचं काय माहीत?

आबांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग परत उगाळू लागले. आई चुलीपाशी पदर तोंडाला लावून उभी. ताई खांबाला टेकून होती, तीच बोलली, "तुमा दोगांच्या भांडनात माजं पोट घिऊ नगा. मी येती सोनोग्राफीला. चल."

तिची पिशवी भरलेलीच होती. दोन साड्या, भाकरी फडक्यात बांधलेल्या. आईने भरली असेल.

एसटीत ताई म्हणाली, "या खेपंला आबांनी मला औशद दिलंच न्हाई. निस्तं ताक पाजलं."

"म्हणजे स्वतःच्या पोरीलाही फसवलं."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. 

१५ जुलै

नारायणगावला सोनोग्राफी झाली. डॉक्टर बराच वेळ एकाच जागी यंत्र फिरवत होते. मग मला बाहेर घेतलं आणि कागदाच्या मागे चित्र काढलं. लिव्हरमधून पित्त आतड्यात नेणारी एक बारीक नळी असते. ताईची नळी मधेच फुगून पेरूएवढी झालीय. हे आजचं नाही, ती जन्मालाच अशी आली. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी जिथे एकत्र येतात, तो जोड तिच्यात जरा वर आहे. त्यामुळे स्वादुपिंडाचा रस उलटा या फुग्यात चढतो आणि आतलं अस्तर वर्षानुवर्षं सोलवटत राहतं. पित्त साचून खडे होतात. खडा खाली अडकला की कावीळ, सरकला की कावीळ गेली.

"म्हणजे औषधाने उतरत नव्हती?"

"कुठल्याच औषधाने नाही. आपली चढायची, आपली उतरायची."

हे ऐकून मला बरं वाटलं. आबा चुकले होते म्हणून बरं वाटलं. लिहून ठेवतो, कारण पुढचं वाक्य ऐकेपर्यंत मी खरंच खूश होतो.

"अशा फुग्यात मोठेपणी कॅन्सर होऊ शकतो. क्वचित दिसतं हे. पण हिच्या फुग्याला एका बाजूने जाडी आलीय, ती मला आवडलेली नाही. पुण्याला न्या. लवकर."

आत आलो तर ताई पोट पुसत होती. "काय म्हनला?"

"खडा आहे."

"येवडंच?"

"एवढंच."

पुण्याच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली. ती वाडीवर परत गेली. मी जाऊ द्यायला नको होतं.

२१ जुलै. पुणे

काल सकाळी नऊला डिंभ्याच्या एसटीडी बूथवरून फोन आला. भागूदाजी, ताईचे मालक. हा माणूस वर्षात दहा वाक्यं बोलत असेल. म्हणाले, "थंडी वाजतीया तिला. ताप उतरंना. बोलती ती कळंना. मंचरला निगालो." आणि फोन ठेवला.

ओढ्याला पाणी, वाडीवर गाडी आलीच नव्हती. दाजी ताईला पाठीवर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत चालत आले होते, चार किलोमीटर. तिथून दुधाच्या टेंपोतून मंचर. मी फाट्यावरून जीप केली आणि मंचरच्या स्टँडवर त्यांना गाठलं. ताई दाजींच्या मांडीवर. ओठ काळपट, नखं निळी. हाक मारली तर मला "आये" म्हणाली.

राजगुरूनगरला ट्रकची रांग. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, पुढचं काही हलत नव्हतं. मी तिची नाडी मोजत होतो. एकशे चाळीस, मग मोजता येईना. दाजी टॉवेल ओला करून तिच्या कपाळावर ठेवायचे, काढायचे, पिळायचे, परत ठेवायचे. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की काय होईल. विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो?

इस्पितळात तरुण डॉक्टरने घड्याळाकडे पाहून विचारलं, "अशी कधीपासून आहे?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच स्ट्रेचर पळवलं. तोंडातून दुर्बीण घालून त्यांनी अडलेली वाट मोकळी केली आणि नळी बसवली. पित्ताबरोबर पू आला, भांडंभर. पू रक्तात चढत होता.

आज दुपारी ताप शंभर. ताईने पाणी मागितलं.

३ ऑगस्ट

बिलिरुबिन २.८. ताई उठून बसते. आई आणि आबाही आलेत. अंजनाला दाजींच्या बहिणीकडे ठेवलंय.

सर्जननी आम्हाला बोलावलं. फुगा पूर्ण काढावा लागेल. नुसता आतड्याला जोडून ठेवला तर आतलं अस्तर तसंच राहतं आणि धोकाही राहतो. फुगा आणि पित्ताशय काढायचं, वर राहिलेल्या नळीला आतड्याचा तुकडा आणून शिवायचा. दुर्बिणीतून खरवडून घेतलेल्या पेशींत कॅन्सरची शंका आहे. नक्की काय ते फुगा तपासल्यावर.

दाजींनी विचारलं, "न्हाई काडला तर?"

सर्जन म्हणाले, "मग माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही."

दाजींनी मान हलवली आणि कागदावर अंगठा उठवला.

वॉर्डात गेलो तर ताई माझी वाट बघत होती. "खडा म्हनलास तू मला."

मी पलंगाखालचं स्टूल ओढलं.

"खड्याला येवडे डाक्तर जमत न्हाईत, सुनील. बाजूच्या बाईनं सांगितलं मला, इथं कंच्या रोगाची मानसं झोपत्यात ते. माजंच पोट हाये. मला परक्यांनी सांगावं व्हय?"

११ ऑगस्ट

उद्या ऑपरेशन. आज संध्याकाळी सूर्यग्रहण होतं. वॉर्डातल्या नातेवाइकांनी चारलाच खिडक्या लावून घेतल्या. बाहेर ढगच होते. सूर्य दिसत नव्हता, तरी लावल्या. आई ताईच्या पायाशी बसून रडायला लागली. जन्मापासूनचं आहे हे तिला कळल्यापासून ती नीट जेवलेली नाही. आज कारण कळलं.

"तुज्या येळंला गिरान लागलं व्हतं. मी पोटुशी. सासूबाई म्हनल्या, निजून ऱ्हा. मला भूक लागली, मी इळीवर काकडी चिरली. तीच नळी बिघाडली तुजी."

ताई म्हणाली, "आये, काकडी चिरून काय व्हतंय? गिरान कुटं आन नळी कुटं!"

"व्हतंय. तुला काय ठावं!"

मी आईला समजवायला गेलो. सहाव्या-सातव्या आठवड्यात गर्भाचे अवयव कसे तयार होतात, ते तिच्या हातात कसं नसतं, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग दुसऱ्या कुना बाईच्या पोरीला का न्हाई झालं?"  बाहेर आलो.

कॉरिडॉरमध्ये आबा भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. आल्यापासून ते वॉर्डात फारसे थांबत नाहीत. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "उंद्या किती येळ लागंल?"

"सहा-सात तास."

मग मी सांगून टाकलं. ठरवून नाही, निघालं तोंडातून. "आबा, सत्त्याण्णव साली ताईचं रक्त मी तपासलं होतं. तेव्हाच दिसत होतं. मी कुणाला दाखवलं नाही."

आबा समोर बघत होते. "ठावं हाये मला."

"कसं?"

"मीच धाडली व्हती तिला. तांदूळ देऊन." मग म्हणाले, "लोकांची कावीळ एकदा उतरली का जाती. हिची उतरती, पर जात न्हाई. माज्या औशदाचं काम न्हाई ते, हे मला कवाच कळालं व्हतं. पर वाडीत म्हनू कसं, का जानकूच्या पोरीला जानकूचं औशद लागू न्हाई? म्हनून धाडली तुज्याकडं. ती माघारी आली. म्हनली, सुनील म्हनतो काय न्हाई, उसाचा रस पी. म्या म्हनलं, शिकल्यालं पोरगं हाये, मशीनीवर बघितलं आसंल. निवांत झालो मी."

निवांत झालो मी. हे ते रागाने म्हणाले असते तर सोपं गेलं असतं.

"त्या दिवशी पडवीत मी एवढं बोललो, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"समद्यांम्होरं? तुज्याकडं लोक रगत दावाया येत्यात."

 आतून कुणीतरी ग्रहण सुटलं म्हणालं, खिडक्या उघडल्याचे आवाज आले. आबा उठले, नळावर तोंड धुतलं आणि आत ताईजवळ गेले.

१२ ऑगस्ट

सकाळी आठ वीसला आत नेली. साडेतीनला बाहेर आणली. मधल्या वेळाबद्दल लिहिता येत नाही. एकला नर्स रक्ताच्या दोन बाटल्या मागायला आली, दाजी आणि मी दोघंही धावलो. माझं जुळलं, त्यांचं नाही. दाजींना त्याचं इतकं वाईट वाटलं की ते जिन्यात जाऊन बसले.

सर्जन घामाघूम होते. "पूर्ण निघाला. चिकटलेला होता, त्रास दिला. आता रिपोर्ट येऊ दे."

२५ ऑगस्ट

रिपोर्ट आणायला मीच गेलो. रोज लोकांच्या हातात असली पाकिटं देतो. आज एक माझ्या हातात पडलं, तिथेच फाडलं.

फुग्याच्या अस्तरात कॅन्सर. भिंतीच्या आतल्या थरातच आहे, बाहेर गेलेला नाही. कापलेल्या कडा स्वच्छ. आसपासच्या सहा लसिकागाठी तपासल्या, एकीतही नाही. सर्जन म्हणाले, असा इतक्या लवकर हाती लागणं दुर्मिळ. नशीब म्हणायचं. मी विचारलं, दोन वर्षांपूर्वी काढला असता तर हा कॅन्सर असता का? त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "सांगता येत नाही. कदाचित नसता. कदाचित असता. तुम्ही त्यात पडू नका."

ताईने उशी पाठीशी घेतली. "वाच. आसंल तसं."

वाचलं. इंग्रजी वाचायचं, मराठीत सांगायचं. कॅन्सर शब्द आला तेव्हाही थांबलो नाही. दाजी पलंगाची दांडी धरून उभे होते.

"समदा निगाला?"

"दिसतोय तेवढा सगळा."

"कवापासून व्हता त्यो?"

मग सत्त्याण्णवचं सांगितलं. आकडे, लाल गोल, ट्रंक, डॉक्टरांशी खोटं बोललो ते, सगळं. वाटलं होतं की ती जाऊ दे म्हणेल. लहानपणी मी काहीही केलं तरी म्हणायची. तिने सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

२७ ऑगस्ट

ताई माझ्याशी बोलत नाही. दाजींच्या हातून पेज घेते. मी गेलो की डोळे मिटते. आई विचारते काय झालं, आबा तिला गप्प करतात.

५ डिसेंबर

तीन महिन्यांनी डायरी उघडली. ताई घरी आहे. भाताची कापणी दाजींनी आणि अंजनाने केली, तिला वजन उचलायचं नाही. पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं असतं, मी वाडीवर जाऊन घेतो. बोलते आता, कामापुरतं. बिलिरुबिन ०.९. मी आकडा सांगितला की ती म्हणते, "कागूद दाव." तिला इंग्रजी वाचता येत नाही. तरी कागद हातात घेते, माझ्या बोटाखालचा आकडा बघते आणि घडी करून पिशवीत ठेवते.

आबांचं औषध चालू आहे. पण ते आता आधी शी-लघवीचा रंग विचारतात. काहींना मुळी न देता सरळ माझ्याकडे धाडतात. चिठ्ठी नसते. माणूस येतो, म्हणतो, जानकूनं पाठवलं. अशी चार आली. एकीला मी त्याच दिवशी डॉ. वाव्हळांकडे घेऊन गेलो, रिपोर्ट टाइप व्हायच्या आधी. त्यांना त्या दिवशी सत्त्याण्णवचं खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं."

१६ फेब्रुवारी २००१, शुक्रवार

दीड वर्षाची तपासणी नारायणगावला झाली. ताई, दाजी, अंजना, आबा, सगळे आले होते. ताईने वजन कमावलंय. सोनोग्राफीत शिवलेला जोड मोकळा, लिव्हर साफ. मी डॉक्टरांना म्हणालो, म्हणजे झालं ना आता? ते म्हणाले, "पाच वर्षं जाऊ द्या, मग बोलू. दर सहा महिन्यांनी यायचं." ताईने बोटांवर मोजलं आणि मान हलवली.

डॉक्टर म्हणाले, हे सहसा घराण्यात उतरत नाही, क्वचित उतरल्याचं पाहिलंय. मुलीचं एकदा बघून घेऊ, दुखत तर नाही काही. अंजना टेबलावर चढली. जेली थंड लागली म्हणून हसली. आबा तिचे पाय धरून उभे. तिची नळी सरळ आहे. दाजी बाहेर जाऊन सगळ्यांना चहा घेऊन आले.

मी सामान आवरायला लागलो. ताई म्हणाली, "आता ह्याचं बघा."

"माझं कशाला? मला कधी काही झालेलं नाही."

"भाऊ हाये न्हवं माजा? डाक्तर म्हनले ना, घरातल्यांचं."

"लॅब उघडी टाकून आलोय ताई. पेशंट बसलेत."

"बसू दे. शर्ट काड."

मी डॉक्टरांकडे पाहिलं, त्यांनी टेबलाकडे हात केला. हजारो लोकांना मी हात पुढे करा म्हणालो असेन. मला कुणी असं आडवं केलेलं नव्हतं. पोटावर जेली पडली, श्वास धरा म्हणाले. उजव्या बरगडीखाली यंत्र थांबलं. पुढे गेलं, परत तिथेच आलं. मी छताकडे बघत होतो. पंख्याला जाळी नव्हती, एक पातं वाकलेलं. 

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "नॉर्मल आहे."

मी उठायला लागलो तर ताईने माझ्या छातीवर तळवा ठेवला आणि परत झोपवलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "काय न्हाई म्हनू नगा लगीच. आनिक एकदा बघा, नीट."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जेलीची बाटली परत उचलली.

"श्वास धरा," म्हणाले.